उंदरिणीला प्रयोगातून वगळलं, हिशोब बाईच्या अंगावर आला

मंडळी, आजची पोस्ट उंदरांवर आहे. नगरपालिकेच्या गटारातल्या उंदरांवर नाही. त्यांच्यावर लिहून लिहून बोटं दुखली आणि उंदीर तेवढेच राहिले. आजचे उंदीर प्रयोगशाळेतले आहेत, तेही सायबेरियातले. आता म्हणाल, याला बातम्या मिळेनात म्हणून हा रशियात शिरला. थोडं थांबा. शेवटी हा विषय आपल्या मेडिकल दुकानाच्या काउंटरवर आणि उसाच्या फडात येऊन उभा राहतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

रशियात नोवोसिबिर्स्क नावाचं शहर आहे. तिथं पेशीशास्त्र आणि आनुवंशिकीची एक मोठी संस्था आहे. या संस्थेत दिमित्री बेल्यायेव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये एक प्रयोग सुरू केला. फरसाठी पाळलेले रुपेरी कोल्हे घ्यायचे, त्यातले माणसाला कमी घाबरणारे, कमी अंगावर येणारे निवडायचे आणि फक्त त्यांचीच पैदास करायची. दुसरा कुठलाही निकष नाही. रंग बघायचा नाही, आकार बघायचा नाही, फक्त वागणूक. बेल्यायेव्ह १९८५ मध्ये गेले, पण ल्युदमिला त्रूट या बाईंनी ते काम पुढे कित्येक दशकं चालवलं. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि कोल्हे कुत्र्यासारखी शेपटी हलवायला लागले. ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी व्हिडिओत पाहिली असेल.

व्हिडिओत जे येत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. कोल्ही वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या शेवटी माजावर येते. या माणसाळलेल्या कोल्ह्यांची पिल्लं मात्र महिनाभर आधी वयात यायला लागली. वेतात सरासरी एखादं पिल्लू जास्त व्हायला लागलं. काही माद्या तर हंगाम सोडून भलत्याच महिन्यात माजावर आल्या. रक्तातलं ताणाचं हार्मोन बारा पिढ्यांनंतर निम्म्याच्या जवळ आलं आणि पुढे अजून उतरलं. आता सांगा, यातलं काहीएक कुणी निवडलं होतं का? निवडला होता फक्त स्वभाव. बाकीचं सगळं त्याच्या मागून फरफटत आलं.

(या प्रयोगावर आक्षेपही आहेत. ते कोल्हे मुळात कॅनडाच्या फार्मवरून आलेले होते, म्हणजे सुरुवातीलाच अर्धवट माणसाळलेले होते, असं काही संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. कान पडले, अंगावर ठिपके आले या गोष्टी त्यामुळे पातळ होतात. पण वागणूक आणि हार्मोन यांची गाठ त्याने सुटत नाही.)

त्याच संस्थेत १९७०च्या दशकात रानटी उंदरांवर हेच केलं गेलं. हातमोजा घातलेला हात पिंजऱ्यात घालायचा. जो उंदीर चावायला धावतो त्याची एक ओळ, जो निवांत हातात येतो त्याची दुसरी ओळ. साठच्या वर पिढ्या झाल्या. पुढे जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी या दोन्ही ओळी तपासल्या तर शांत उंदरांच्या अॅड्रिनल ग्रंथी लहान आणि रक्तातलं ताणाचं हार्मोन कमी निघालं. अमेरिकेत बाल्टिमोरला कर्ट रिश्टर यांनी तर त्याच्याही आधी, १९५०च्या दशकात, गटारातला रानटी उंदीर आणि प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर यांची तुलना करून ठेवली होती. पांढऱ्याच्या अॅड्रिनल ग्रंथी लहान, पण जननग्रंथी लवकर तयार होणाऱ्या आणि जास्त नेमाने चालणाऱ्या.

आणि तिसरी ओळ, जिच्यामुळे ही पोस्ट लिहायला घेतली. नोवोसिबिर्स्कमध्येच कोल्पाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांतून 'थिजणारे' उंदीर वेगळे काढले. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अशा उंदराला पुढचे पाय वर करून उभं केलं की तो तसाच राहतो. पळत नाही, खाली उतरत नाही, दगड होतो. माणसात कॅटॅटोनिया म्हणून एक मानसिक अवस्था असते. त्यात पेशंट तासन्‌तास एकाच स्थितीत बसून राहतो, बोलत नाही, जेवत नाही. आपल्या गावात अशा माणसाला आधी देवऋष्याकडे नेतात, मग डॉक्टरकडे. त्या अवस्थेचा अभ्यास करायला ही उंदरांची जात तयार केली. आणि मग त्यातल्या माद्यांचं ऋतुचक्र कसं चालतं, हार्मोन काय सांगतात, हाही तपासणीचा विषय झाला.

माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या पत्रकाराला पहिला प्रश्न हाच पडला, की डोक्याच्या आजाराचा अभ्यास चाललाय, मग उंदरिणीचा माज कशाला तपासायचा?

उत्तर साधं आहे. डोकं आणि गर्भाशय ही दोन वेगळी खाती नाहीत. आपल्या तहसील कचेरीसारखं समजा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तिथून खालच्या पिट्युटरी ग्रंथीला आदेश जातो. पिट्युटरी पुढे अंडाशयाला कळवते, अॅड्रिनलला कळवते, थायरॉइडला कळवते. सगळ्या फायली एकाच साहेबाच्या टेबलावरून जातात. ताणाची फाईल रोज वर येत राहिली की पाळीची फाईल खाली दबते. दुष्काळात, उपासमारीत, अतिकष्टात बाईची पाळी थांबते ती त्यामुळेच. शरीर म्हणतं, आत्ता जीव वाचवू, लेकरू नंतर बघू. म्हणून वागणूक बदलणारी पैदास केली की हार्मोन बदलतात, आणि हार्मोन हलले की वागणूक हलते. रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे.

उंदरिणीचं चक्र चार ते पाच दिवसांचं असतं. तिला माणसासारखी पाळी येत नाही, रक्त जात नाही. मग कळतं कसं? योनीमार्गातून थेंबभर पाणी घेऊन काचेवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा आकार बघायचा. पेशी पाहून सांगता येतं की ती आज चक्राच्या कुठल्या टप्प्यावर आहे. लाँग आणि इव्हान्स या दोघांनी १९२२ मध्ये उंदरिणीचं हे सगळं चक्र लिहून काढलं. त्याच्या पाच वर्षं आधी स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी गिनीपिगवर हीच पद्धत वापरली होती. त्या पापानिकोलाऊंच्याच नावाने आज गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची 'पॅप' तपासणी होते. एका गिनीपिगच्या माजाचा हिशोब ठेवता ठेवता जगभरातल्या लाखो बायांचा जीव वाचवणारी तपासणी हाती लागली. मादीकडे नीट बघितलं की काय मिळतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पण विज्ञानाने नंतर नेमकं उलटं केलं.

मेंदूवरचं, औषधांवरचं जे संशोधन झालं त्यात मादीला बाजूला ठेवण्याची पद्धतच पडून गेली. कारण काय, तर तिचं चक्र चालू असतं, हार्मोन वरखाली होतात, आकडे बिघडतात, खर्च वाढतो. नर घ्या, सोपं पडतं. २०११ मध्ये बीरी आणि झुकर या दोघांनी शोधनिबंध मोजून काढले. मेंदूशास्त्रात फक्त नरांवर केलेले प्रयोग फक्त माद्यांवर केलेल्या प्रयोगांच्या साडेपाचपट निघाले. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजमधले प्रोजेक्ट काढून बघा, 'विस्टार जातीचे नर उंदीर' हे शब्द वारंवार भेटतील. लक्षात घ्या, नैराश्य आणि चिंतेचे आजार बायांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. तरी अभ्यास नर उंदरांवर!

आणि मादीमुळे आकडे बिघडतात हे खरं तरी होतं का? २०१४ मध्ये छोट्या जातीच्या उंदरांवरचे २९३ शोधनिबंध एकत्र करून तपासले गेले. २०१६ मध्ये मोठ्या जातीच्या उंदरांवरही तेच झालं. (इंग्रजीत दोघांना वेगळी नावं आहेत, आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो.) निष्कर्ष असा, की चक्र न बघता सरसकट माद्या घेतल्या तरी त्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त वरखाली होत नाहीत. म्हणजे इतकी वर्षं जे 'सगळ्यांना माहीत आहे' म्हणून चाललं होतं ते कुणी तपासलंच नव्हतं. 'बायांचं काय, त्यांचा मूड कधीही बदलतो' हे चावडीवरचं वाक्य पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत बसलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

माणसांवरच्या चाचण्यांतही वेगळं काही घडलं नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९७७ मध्ये मूल होण्याच्या वयातल्या बायांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं. हेतू चांगला होता, गर्भाला धोका नको. पण परिणाम असा झाला की औषध बायांना लागू पडतं का, किती डोसमध्ये पडतं, हे बाजारात आल्यावर कळायचं. ही बंदी १९९३ मध्ये उठली. १९९७ ते २००० या काळात तिथं दहा औषधं बाजारातून परत घेतली गेली, त्यातली आठ बायांना जास्त धोक्याची होती, हे तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानेच सांगितलं. झोपेचं झोल्पिडेम नावाचं औषध वर्षानुवर्षं बाई आणि पुरुष दोघांना एकाच डोसने दिलं गेलं. बायांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवतानाही अंमल राहतो, म्हणून २०१३ मध्ये त्यांच्यासाठी डोस निम्मा करायला सांगितला. निम्मा! थोडाफार नाही.

तिकडे २०१६ पासून सरकारी पैशावरच्या संशोधनात नर आणि मादी दोन्ही घ्या, नाहीतर का घेत नाही त्याचं कारण द्या, असा दंडक आला. बरं झालं. आता आपल्याकडे या.

आपल्याकडे 'गॅस झालाय' हे वाक्य म्हणजे राष्ट्रीय आजार आहे. पोट फुगलं, ढेकर आले, छातीत जळजळलं की मेडिकलवर जायचं आणि म्हणायचं, गॅसची चांगली गोळी द्या. दुकानदार काढून देतो. त्यात बऱ्याचदा दोन औषधं एकत्र असतात, एक आम्ल कमी करणारं आणि दुसरं लेव्होसल्पिराइड. हे दुसरं नाव एकदा मोठ्याने वाचा आणि लक्षात ठेवा. मुळात ते मानसिक आजारांवरच्या औषधांच्या कुळातलं आहे. ते डोपामिन या रसायनाचा रस्ता अडवतं. पोटाची हालचाल सुधारते, म्हणून गॅससाठी वापरतात. पण डोपामिनचं आणखी एक काम आहे. पिट्युटरीतून प्रोलॅक्टिन नावाचं दूध आणणारं हार्मोन बाहेर पडतं, त्याच्यावर झाकण ठेवायचं काम डोपामिन करतं. झाकण निघालं की प्रोलॅक्टिन वाढतं, पाळी पुढे जाते किंवा बंद होते, मूल नसताना छातीतून दूध येऊ शकतं. म्हाताऱ्या माणसांत याच औषधाने हात थरथरणं, चाल मंदावणं हेही होतं.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरची रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही औषधं याच रस्त्याने जातात. आणि इथेच त्या थिजलेल्या उंदरांचा धागा जुळतो बघा. साध्या उंदराला हॅलोपेरिडॉल दिलं की तो उभा केला तसा थिजून राहतो. ही चाचणी औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत नेहमीची आहे. आणि उंदरिणीला डोपामिन अडवणारं औषध दिलं की तिचं चार दिवसांचं चक्र थांबतं, ती गाभण नसताना गाभण असल्यासारखी होते. अंग थिजणं आणि चक्र थांबणं, दोन्हीच्या मुळाशी एकच रसायन. उंदरिणीने हे केव्हाच सांगून ठेवलंय. आपण पेशंटला विचारत नाही, एवढंच.

आता एखाद्या घरात काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, वेळेवर जेवण नाही, अॅसिडिटी. दोन महिने गॅसची गोळी चालू. पाळी चुकते. पहिल्या महिन्यात आई गप्प बसते, दुसऱ्या महिन्यात मोबाईल तपासला जातो. पुढचं तुम्हाला सांगायला नको. ज्या गोळीने पाळी थांबली ती टीव्हीशेजारच्या डब्यात तशीच पडलेली असते, आणि पोरीचं शिक्षण थांबतं. किंवा लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही, सासूचं बोलणं चालू, नवस चालू. सून डिप्रेशनच्या किंवा गॅसच्या गोळ्या किती दिवस घेतेय, त्यात काय आहे, हे कुणीच विचारत नाही. बाईला वांझ म्हणायला आपल्याला मिनिट लागत नाही, गोळीच्या पाकिटाची मागची बाजू वाचायला मात्र वेळ नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण अशा पोस्टचा भलता अर्थ निघतो. मानसिक आजाराची गोळी कुणीही आपल्या मनाने बंद करू नका. ती बंद केल्याने जे होतं ते पाळी चुकण्यापेक्षा कितीतरी वाईट असतं. डॉक्टरला सांगा, प्रोलॅक्टिनची साधी रक्ततपासणी असते, औषध बदलता येतं, डोस कमी करता येतो. पण ते होण्यासाठी आधी कुणीतरी 'पाळी नियमित आहे का' असं विचारायला हवं. तालुक्याच्या ठिकाणी मानसिक आजाराची ओपीडी पाहिली आहे मी, गर्दीत पेशंटला दोन-तीन मिनिटं मिळतात. सोबत भाऊ नाहीतर सासरा उभा. तिथे ती बाई पाळीबद्दल स्वतःहून बोलेल? शक्यच नाही.

याचीच टोकाची बाजू म्हणजे आपला मराठवाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. शेकड्याला जवळपास सतरा. यात पंचवीस-तिशीतल्या बायाही होत्या. कारणं काय? अंगावरून पाणी जातंय, पाळीत पोट दुखतंय, रक्त जास्त जातंय. फडात संडास नाही, पाणी नाही, पहाटेपासून कोयता चालवायचा, डोक्यावर मोळी घेऊन ट्रक भरायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. मग डॉक्टर म्हणतो, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. घरचे म्हणतात, लेकरं झाली, आता काय कामाची. बाई म्हणते, निदान कटकट तरी जाईल.

प्रयोगशाळेत म्हणाले, चक्रामुळे आकडे बिघडतात, मादी वगळा. फडात म्हणाले, पाळीमुळे खाडा होतो, पिशवी काढा. मला यात काही फरक दिसत नाही. दोन्हीकडे बाईचं शरीर कसं चालतं ते समजून घेऊन काम त्याप्रमाणे बसवण्याऐवजी, कामाला अडचण होते म्हणून शरीरच बाजूला केलं. आणि पिशवी काढल्याने कटकट जात नाही. अंडाशयही काढलं असेल तर तिशीतच पाळी गेल्याची अवस्था येते, अंगातून वाफा, झोप नाही, चिडचिड, हाडं ठिसूळ. अंडाशय ठेवलं तरी ते लवकर थकण्याचा धोका असतो. मग त्याच बाईला घरात म्हणतात, हिचं हल्ली डोकं फिरलंय.

डोकं फिरलंय म्हणजे काय, यावरही जरा बोलू. त्या उंदरांना आपण 'विकृत वागणुकीचे' म्हणतो. पण उंदराच्या बाजूने विचार करा. शेतात माणसाचा हात दिसला की चावणारा, पळणारा उंदीर हाच शहाणा. हातात येऊन निवांत बसणारा उंदीर मांजराच्या तोंडी जायचा. सापासमोर थिजून राहणं हीसुद्धा काही वेळा जीव वाचवायची युक्ती असते. कुठली वागणूक बरोबर आणि कुठली बिघडलेली हे पिंजऱ्याचा मालक ठरवतो. १९६३ मध्ये रोझेन्थाल आणि फोड या दोघांनी एक मजेशीर प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना साधे, एकसारखे उंदीर दिले आणि अर्ध्यांना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार जातीचे आहेत, अर्ध्यांना सांगितलं की तुमचे मठ्ठ जातीचे आहेत. 'हुशार' उंदरांचे निकाल चांगले आले! फरक उंदरात नव्हता, हाताळणाऱ्याच्या डोक्यात होता. आपल्या घरात सुनेला, पोरीला, चाळिशीच्या पुढच्या आईला जी लेबलं लागतात ती अशीच. सतत चिडते, नाटकं करते, अंगात येतं. लेबल लागलं की मग तपासणी होत नाही.

कुणी म्हणेल, उंदरावरून माणसाचं कसं ठरवता? बरोबर आहे. उंदरीण म्हणजे बाई नव्हे. तिचं चक्र चार दिवसांचं, बाईचं महिन्याचं. तिला सासर नाही, उचल नाही, लोक काय म्हणतील ही भीती नाही. उंदराला स्किझोफ्रेनिया होतो असं कुणी म्हणत नाही. उंदीर फक्त कुठे बघायचं ते दाखवतो, बघावं माणसालाच लागतं. पण नीट बघितलं तर हाती काय लागतं तेही सांगतो. बाळंतपणानंतर प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतं. त्यापासून मेंदूत जे रसायन तयार होतं, ते कमी झालं की काय होतं याचा अभ्यास उंदरिणींवर झाला. त्याच रसायनापासून बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरचं पहिलं खास औषध निघालं, अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मादीचं चक्र 'अडचण' मानलं असतं तर हे हाती लागलं नसतं.

एक शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. आपल्या भागात दुधाचा धंदा आहे. कुठल्याही गोठ्यावर जा, म्हैस कधी माजावर आली, कधी भरवली, मुका माज होता का, सगळं वहीत नाहीतर कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. म्हशीचा माज चुकला की डॉक्टरला फोन जातो, कारण दुधाचं नुकसान होतं. त्याच घरातल्या बाईची पाळी तीन महिने आली नाही तर ते कॅलेंडरवर कुठे लिहिलेलं नसतं. लिहिलं असेल तर तिने स्वतः, एका बारीक टिंबाने, कुणाला कळू नये असं.

म्हणून मागण्या चारच आहेत, आणि त्यातली एकही आकाशातली नाही.

एक, सरकारी दवाखान्यातल्या मानसिक आजाराच्या ओपीडीत बाई पेशंटच्या केसपेपरवर 'शेवटच्या पाळीची तारीख' हा रकाना असावा आणि तो नर्सने आडोशाला विचारून भरावा. एक रकाना छापायला किती खर्च येतो?

दोन, लेव्होसल्पिराइडसारखी औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत हा नियम कागदावर आहे, तो काउंटरवर यावा. आपल्या तालुक्यातल्या मेडिकलवाल्या भावांनो, तुम्ही आमचेच आहात, राग मानू नका. पण गॅसची गोळी मागायला आलेल्या पोरीला निदान एवढं सांगा की पाळी पुढे गेली तर ही गोळी कारण असू शकते. एका वाक्याने एखादं घर वाचेल.

तीन, पिशवी काढण्याआधी सिव्हिल सर्जनची परवानगी, ही अट बीडमध्ये त्या गदारोळानंतर आली. ती अट पाळली जाते का याचे आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत, आणि बाजूच्या जिल्ह्यांचेही. कारण फड जिल्ह्याची हद्द बघत नाही.

चार, आपल्या विद्यापीठांत, फार्मसी कॉलेजांत जे प्रयोग होतात त्यात नर-मादी दोन्ही घ्या, किंवा मादी का घेतली नाही ते लिहा. प्राध्यापक मित्रांनो, हे तुमच्या हातात आहे, दिल्लीच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही.

आणि घराघरात एक पाचवी गोष्ट, जी कुठल्याच सरकारच्या हातात नाही. बाईचं वागणं बदललं तर आधी तिला विचारा, झोप लागते का, जेवण जातं का, पाळी कशी आहे, कुठली गोळी चालू आहे. हे चार प्रश्न नवऱ्याने विचारले तरी चालतात. पोराने आईला विचारले तर अजून चांगलं.

पटलं तर घरातल्या आणि शेजारच्या बायांना वाचून दाखवा. नाही पटलं तर खाली लिहा, वाद घालू. आणि हो, गॅसच्या गोळीचं पाकीट घरात असेलच. आत्ता उठा आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा.